समुद्रसपाटीवरचं ट्यूनिंग: मॉडिफाइड गाडीचं इंधन लॅपटॉपवर कसं बसवायचं

मारुती एस्टीमला नवा कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्टचा फ्री-फ्लो हेडर बसवून गाडी गॅरेजबाहेर काढली की पहिला आठवडा निराशेचा जातो. स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या कमी फेऱ्या, टिकत नाही, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि फर्मागुढीच्या चढावर पाय दाबला की गाडी पुढे जाण्याऐवजी गचके देते. मेस्त्री म्हणतो काम चोख झालंय, आणि ते खरंही असतं. गडबड एवढीच असते की जुना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, अजून जुन्याच इंजिनाचा हिशेब करत बसलेला असतो. कॅम बदलला की इंजिनाचा श्वास बदलतो, आणि त्या श्वासाला किती पेट्रोल द्यायचं हे कोणीतरी नव्याने सांगावं लागतं.

ते काम मी गोव्यात, फोंड्याला, माझ्या १२९८ सीसीच्या चार सिलिंडर गाडीवर कसं केलं, तोच क्रम इथे देतो. ईसीयू स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनो मेगावर चालणारा मुक्त स्रोत ईसीयू, आणि लॅपटॉपवर त्याचे आकडे बदलणारं सॉफ्टवेअर, ट्यूनरस्टुडिओ. मेगास्क्वर्टसारखा दुसरा ईसीयू असेल तरी पडद्यावरची नावं थोडी बदलतील, पद्धत हीच राहील.

सुरुवातीलाच कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर हात घालण्यापूर्वी आरटीओत नीट विचारून घ्या, विमा कंपनीला कळवा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. माझं स्पष्ट मत असं की मोठे बदल ट्रॅकच्या गाडीवरच करावेत.

आधी मोजमाप खरं करा

ट्यूनिंग म्हणजे लॅपटॉप उघडून आकडे बदलणं, असं समजून लोक थेट इंधनाच्या टेबलावर तुटून पडतात. माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. वाइडबँड सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा, सतत लीन (पेट्रोल कमी) दाखवत होता, मी पेट्रोल वाढवत राहिलो. शेवटी प्लग काजळीने काळे पडले आणि ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास यायला लागला. हेडरच्या गॅस्केटमधून गळती होती. स्लोवर एक्झॉस्टमधले दाबाचे हेलकावे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढत होते आणि सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजत होता. इंजिन रिच (पेट्रोल जास्त), आकडा लीन. म्हणून पहिलं काम: गार इंजिन सुरू करून हेडरच्या प्रत्येक जोडावर कान द्या. टिकटिक ऐकू आली तर ती बंद होईपर्यंत लॅपटॉप उघडू नका.

वाइडबँडशिवाय हे काम होत नाही. कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त "रिच" किंवा "लीन" सांगतो, किती ते सांगत नाही. बॉश एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर घ्या. हेडरचे चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, कॅटच्या आधी बसवा. तोंड थोडं खाली कललेलं हवं, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.

आता गोव्याचा स्वतःचा त्रास. इथे पावसाळ्याचे चार महिने आणि बाराही महिने खारी हवा, त्यामुळे अर्थिंगचे जोड हिरवे पडतात. वाइडबँडच्या शून्य ते पाच व्होल्टच्या तारेत ०.१ व्होल्टचा फरक पडला तर नेहमीच्या स्केलवर हवा-इंधन गुणोत्तर सुमारे ०.३ ने चुकतं. म्हणजे तुम्हाला १३.० दिसतं तेव्हा खरं १३.३ असू शकतं, आणि पूर्ण भारावर तेवढा फरक महाग पडतो. बॅटरीची निगेटिव्ह, इंजिन ब्लॉक आणि बॉडी यांच्यातले सगळे अर्थ जोड काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. सेन्सरचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर अर्थलाच जोडा, बॉडीला कुठेही नाही. कंट्रोलरवरचा आकडा आणि ट्यूनरस्टुडिओतला आकडा शेजारी ठेवून पाहा. दोन्ही जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

बाकीचे सेन्सर तपासायला रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. सकाळी फक्त चावी फिरवा, स्टार्टर नको. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखंच दिसलं पाहिजे, भिंतीवरच्या थर्मामीटरइतकं. मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा, १०० ते १०१ किलोपास्कल दाखवील, कारण आपण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहोत. तो ९५ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून आणि पूर्ण दाबून टूल्स मेनूतून थ्रॉटल सेन्सरची दोन टोकं नोंदवून घ्या.

पायाभूत आकडे

ट्यूनरस्टुडिओत 'रिक्वायर्ड फ्युएल' नावाचा आकडा असतो. एका सिलिंडरमध्ये शंभर टक्के हवा भरली तर तिला पुरेल एवढं पेट्रोल द्यायला इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, किती मिलिसेकंद उघडा ठेवावा लागेल, तो हा आकडा. एका सिलिंडरची क्षमता ३२४.५ सीसी. इंजेक्टर मिनिटाला २४० सीसी देणारे असतील तर जुन्या, बिनइथेनॉलच्या पेट्रोलला साधारण ९ मिलिसेकंद येतात. पण पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाचं गुणोत्तर साधारण १३.५ वर येतं. इंधन जास्त लागतं, म्हणून हाच आकडा साडेनऊच्या आसपास जातो. सॉफ्टवेअरमध्ये स्टॉइकिओमेट्रिक रेशो १३.५ भरा.

एक कळकळीची विनंती. सगळं काम लॅम्बडात करा, १४.७ च्या भाषेत नको. लॅम्बडा १.०० म्हणजे हवेला पुरेल नेमकं तेवढं इंधन, इंधन कुठलंही असो. त्याच्या वर लीन, खाली रिच. बाजारातले बहुतेक गेज लॅम्बडाला १४.७ ने गुणून दाखवतात, त्यामुळे ई२० वर गेज १४.७ म्हणत असेल तर तेही लॅम्बडा १.०० च आहे. हा गोंधळ डोक्यातून गेला की निम्मी भांडणं संपतात.

इंजेक्टरचा दाब गेजने मोजा. बहुतेक गाड्यांत तो मॅनिफोल्डच्या तुलनेत अडीच ते तीन बार असतो. पंप थकलेला असेल तर हवे तेवढे आकडे बदला, वरच्या फेऱ्यांवर पेट्रोल पोचणारच नाही.

'इंजेक्टर ओपनिंग टाइम' म्हणजे विजेचा हुकूम मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंतचा वेळ, सुमारे १ मिलिसेकंद. व्होल्टेज कमी झालं की तो वाढतो. तपासायची सोपी रीत: गाडी गरम, स्लोवर. हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार एकदम चालू करा. व्होल्टेज खाली येताच लॅम्बडा लीनकडे सरकला तर व्होल्टेजची दुरुस्ती कमी पडते आहे.

लक्ष्य ठेवलेलं हवा-इंधन गुणोत्तर (एएफआर) इंधनाच्या हिशेबात थेट धरायचा पर्याय चालू ठेवायचा की बंद, हे आत्ताच ठरवा. अर्ध्या वाटेत बदललात तर आधी बसवलेला प्रत्येक आकडा हलतो.

शेवटी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. सॉफ्टवेअरमध्ये इग्निशन १० अंशांवर स्थिर करा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. खूण १० वरच दिसली पाहिजे. ईसीयू १० समजतोय आणि प्रत्यक्षात १६ पडतंय, असं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ, शिवाय पिस्टनला धोका.

पहिला स्टार्ट आणि स्लो

स्पीडुइनो चावी फिरवताच मॅप सेन्सरवरून हवेचा दाब वाचतो, म्हणून चावी फिरवून दोन सेकंद थांबा, मग स्टार्ट करा. गाडी खोकत सुरू झाली तर घाबरू नका. ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून १५०० फेऱ्यांवर धरा, कूलंट ८० अंशांच्या वर जाऊ द्या. त्याआधी ट्यूनिंग करू नका, कारण तोवर वॉर्म-अपचं जादा पेट्रोल चालू असतं आणि तुम्ही चुकीच्या गोष्टीला दुरुस्त करत बसता.

गाडी गरम झाल्यावर व्हीई (व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी) टेबल उघडा. आडवे इंजिनाच्या फेऱ्या, उभा मॅनिफोल्डचा दाब. प्रत्येक घरातला आकडा सांगतो की त्या अवस्थेत इंजिन किती टक्के हवा ओढतं. ऑक्सिजन सेन्सरवरून आपोआप होणारी दुरुस्ती, म्हणजे ईजीओ करेक्शन, सध्या बंद करा. नाहीतर तुमची चूक ईसीयू झाकत राहील.

मूळ कॅमवर स्लोला दाब ३० ते ३५ किलोपास्कल असतो. तीव्र कॅमवर तो ४५ ते ५५ पर्यंत जातो आणि हलत राहतो. अशा इंजिनाला लॅम्बडा १.०० चा हट्ट धरू नका. ०.९२ ते ०.९५ वर ते शांत बसतं. फक्त पीयूसीचं यंत्र स्लोवर कार्बन मोनॉक्साइड मोजतं, तेव्हा जेवढं लीन टिकेल तेवढं लीन ठेवा. स्लोच्या घरांशेजारची घरंही जवळपास त्याच आकड्यांची करा. नाहीतर फेऱ्या जरा खाली आल्या की शेजारचं घर वेगळंच पेट्रोल देतं आणि गाडी बंद पडते.

रस्त्यावर, एका वेळी एक घर

सूत्र एकच आहे. नवा व्हीई म्हणजे जुना व्हीई गुणिले मोजलेला लॅम्बडा, भागिले हवा असलेला लॅम्बडा. समजा २४०० फेऱ्या, ५० किलोपास्कल, टेबलात ५२. हवाय १.००, दिसतोय १.०८. मग ५२ गुणिले १.०८, म्हणजे ५६. एवढंच. पण त्या घरात गाडी किमान दोन-तीन सेकंद स्थिर राहिली असेल, तरच. इंजिनातला वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, कमी भारावर तर जास्तच. पाय हलत असताना दिसलेला आकडा मागच्या घराचा असतो.

लॅपटॉप चालवणाऱ्याच्या हातात कधीही नसावा. माझ्याकडे भाचा शेजारी बसतो, लॅपटॉप पट्ट्याने बांधलेला. मी रस्ता बघतो, तो आकडे बोलतो. "मामा, चोवीसशेवर धर… अजून जरा… झालं." आम्ही रविवारी पहाटे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले मोकळे रस्ते निवडतो आणि सगळं लॉगमध्ये साठवतो. आकडे बदलायचे ते गाडी कडेला थांबवून. बदलल्यावर 'बर्न' दाबायला विसरू नका, नाहीतर चावी बंद करताच सगळं पुसलं जातं. दर फेरीची एमएसक्यू, म्हणजे सगळे आकडे साठवणारी, फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवा. आजचा बदल वाईट निघाला तर काल परत मिळाला पाहिजे.

ट्यूनरस्टुडिओच्या पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत 'व्हीई ॲनालाइझ' आहे. ते गाडी चालताना टेबल स्वतः सुधारतं. ते चांगलं आहे, पण आधी एकदा हाताने करा. गळका एक्झॉस्ट आणि हिरवी अर्थिंग त्यालाही कळत नाही, ते फक्त चूक जास्त वेगाने पसरवतं.

जास्त भाराची घरं गाठायला वेग लागतो, हा गैरसमज आहे. चौथ्या गिअरमध्ये २००० ते २५०० फेऱ्यांवर, पन्नास-साठच्या वेगात, चढावर पाय निम्मा दाबला की दाब ७०-८० किलोपास्कलपर्यंत जातो. २००० च्या खाली मात्र असं करू नका, आणि इग्निशन तोवर मुद्दाम मागे, म्हणजे ठिणगी जरा उशिरा, ठेवा. खडे हलवल्यासारखा नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकल्याचा) आवाज आला तर त्याच क्षणी पाय सोडा.

भाराप्रमाणे लक्ष्य ठेवा. निवांत चालताना १.००, चढावर ०.९५ कडे, पूर्ण थ्रॉटलला टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ०.८६ ते ०.८८. ८५ किलोपास्कलच्या वर लॅम्बडा ०.९५ च्याही लीनकडे गेला तर तिथेच थांबा, आधी त्या घरात पेट्रोल घाला.

डायनो, आणि पुण्याहून परतल्यावर

पूर्ण थ्रॉटलचं काम डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करा. सार्वजनिक रस्त्यावर ६५०० फेऱ्यांपर्यंत गाडी ओढणं गुन्हा ठरू शकतो, जीवाशी खेळ आहे, आणि त्यातून आकडेही नीट मिळत नाहीत. मी बेळगाव, कोल्हापूरमार्गे पुण्याला गेलो.

गोव्यातल्या प्रत्येकाने इथे नीट लक्ष द्यावं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कल असतो. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी मॅनिफोल्डमध्ये त्याहून जास्त दाब येऊच शकत नाही. म्हणजे डायनोवर तुमच्या टेबलातली १०० किलोपास्कलची ओळ नीट तपासलीच जात नाही. बंगळूरला तर दाब ९१ च्या आसपास. डायनोवाल्याने काम उत्तम केलेलं असतं, पण त्याच्या गावच्या हवेत.

माझ्या १०० च्या ओळीत सुरुवातीच्या तयार फाइलमधलेच कमी आकडे राहून गेले होते. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी चढावर पाय पूर्ण दाबला आणि भाचा ओरडला, "सोड मामा, सत्त्याण्णव!" पूर्ण भारावर ०.९७. इंजिन वाचलं ते केवळ तो पडदा बघत होता म्हणून.

तेव्हा डायनोवरून उतरण्याआधीच वरची ओळ भरून घ्या. ८५ आणि ९५ च्या ओळींत प्रत्येक फेऱ्यांवर आकडा किती वाढतोय ते पाहा, त्याच चालीने १०० ची ओळ वाढवा आणि वर एक-दोन टक्के जादा पेट्रोल ठेवा. त्या ओळीत इग्निशन ९५ पेक्षा एक-दोन अंश कमी ठेवा, कारण समुद्रसपाटीवर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते आणि नॉकिंग लवकर सुरू होतं. घरी आल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ४००० फेऱ्यांपर्यंत छोटीशी ओढ घेऊन खात्री करा. एवढ्यात वेग पन्नासच्या आसपासच राहतो. त्यावरच्या फेऱ्यांचा कल लॉगवरून कळतो.

उलट दिशेचाही प्रश्न येतो. चोर्ला घाटात ८०० मीटरवर गेलात तर दाब ९२ पर्यंत उतरतो. मॅप सेन्सरवर चालणारं टेबल ते बहुतांशी आपोआप सांभाळतं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल लावून केवळ थ्रॉटलच्या कोनावर टेबल बनवलं असेल तर मात्र बॅरोमीटरची दुरुस्ती लावावीच लागते.

ऊन, पाऊस आणि झटका

पिकअपचा झटका, म्हणजे ॲक्सिलरेशन एन्रिचमेंट (पाय दाबताच दिलं जाणारं जादा पेट्रोल), सगळ्यात शेवटी. टेबल चुकलेलं असताना तो बसवला तर दोन चुका एकमेकींत गुंतून जातात. पाय झटकन दाबल्यावर लॉगमध्ये लॅम्बडा आधी लीन झाला तर थोडं वाढवा, काळा धूर निघाला तर कमी करा. थंड स्टार्टसाठी गोव्यात फार कष्ट नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या चार-पाच सकाळी, रोज एकच प्रयत्न आणि एकच बदल, एवढ्यात काम होतं.

खरा छळ मे महिन्यात. फोंड्याच्या बाजारात दहा मिनिटं गाडी बंद ठेवा. मॅनिफोल्डवर बसवलेला हवेचा सेन्सर ६५ अंश दाखवायला लागतो, बाहेर मात्र ३५ असतात. ईसीयू समजतो हवा विरळ आहे आणि पेट्रोल जवळजवळ ९ टक्के कमी करतो. गाडी सुरू होते आणि पहिल्याच वळणावर बंद पडते. सेन्सर फिल्टरजवळ, वाहत्या हवेत हलवा. तेवढ्याने भागलं नाही तर तापमानाच्या दुरुस्तीची रेषा ५० अंशांच्या पुढे सौम्य करा.

पावसाळ्यातल्या दमट हवेची भीती मात्र फुगवलेली आहे. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला हवेच्या दाबातला सुमारे ३.८ टक्के वाटा बाष्पाचा असतो, हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी दीड टक्का. म्हणजे जानेवारीत बसवलेली गाडी जुलैत दोनेक टक्के रिच चालेल. तेवढं ईजीओ करेक्शन सांभाळतं. ते आता चालू करा, पण त्याची मर्यादा पाच टक्के ठेवा आणि पूर्ण थ्रॉटलला बंदच ठेवा. पाच टक्क्यांतही ते सतत एका टोकाला टेकत असेल तर टेबलात किंवा सेन्सरमध्ये काहीतरी बिघडलंय, ते शोधा.

हजारेक किलोमीटर झाल्यावर चारही प्लग काढून ओळीत ठेवा. वाइडबँड चारही सिलिंडरची सरासरी सांगतो. एक लीन आणि एक रिच असेल तर पडद्यावर सगळं छान दिसतं. तीन प्लगची चिनीमाती फिकट तपकिरी आणि एक पांढरीफटक निघाली तर टेबलाला हात लावू नका. त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून साफ करून घ्या, चारही इंजेक्टरचा प्रवाह एकत्र मोजून घ्या, आणि मगच लॅपटॉप पुन्हा उघडा.